पेट्रोल की डिझेल? उत्तर स्टेशन किती लांब आहे त्यावर

डोंबिवलीत गाडी पेट्रोलची घ्यावी की डिझेलची, हे बऱ्याच अंशी मध्य रेल्वे ठरवते. नोकरदार माणूस सकाळी लोकल पकडतो आणि गाडी सोसायटीच्या आवारात कव्हर पांघरून उभी राहते. संध्याकाळी कधी बाजार, कधी मुलांचा क्लास, रविवारी ठाण्याचा मॉल किंवा टिटवाळ्याचा गणपती, मे महिन्यात आणि भाद्रपदात कोकण. अशा गाडीचं वर्षाचं धावणं पाच-सात हजार किलोमीटरच्या पुढे क्वचितच जातं. तरीही शोरूममध्ये हाच माणूस पहिला प्रश्न विचारतो तो 'अॅव्हरेज किती देते?' आणि डिझेलचा आकडा मोठा दिसला की त्याचं मन तिकडे झुकतं. झुकणं समजण्यासारखं आहे. पण त्याच्या वापरात तो आकडा फारसा उपयोगाचा नाही.

ठाण्यात घोडबंदर रोडवर चित्र उलटं. कासारवडवली, मानपाडा, पातलीपाडा या पट्ट्यात टॉवर उभे राहिले, रेल्वे स्टेशन मात्र नाही. मेट्रो ४ चे खांब कित्येक वर्षं रस्ता अडवून उभे आहेत. तिथला माणूस ऐरोलीला, बीकेसीला, अंधेरीला गाडीनेच जातो. रोजचे चाळीस-पन्नास किलोमीटर धरले तरी वर्षाला बारा-पंधरा हजार होतात. म्हणजे एकाच जिल्ह्यात, एकाच पगाराच्या दोन माणसांसाठी उत्तरं दोन. पेट्रोल-डिझेलच्या बहुतेक चर्चा इथेच घसरतात. त्या गाडीविषयी बोलतात, रस्त्याविषयी नाही.

हा प्रश्न मुळात पडला कसा, ते आधी पाहावं लागेल, कारण आपल्या डोक्यातली डिझेलची किंमत अजून दहा-बारा वर्षं जुनी आहे. सरकारने पेट्रोलचे भाव जून २०१० मध्ये नियंत्रणमुक्त केले. डिझेल मात्र शेतकरी आणि मालवाहतुकीच्या नावाने स्वस्त ठेवलं. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांच्या वर आणि डिझेल ४१ रुपयांच्या आत होतं. लिटरमागे ३२ रुपयांची तफावत, त्यात डिझेलचं अॅव्हरेज जास्त. मग कोणीही डिझेलच घेणार. २०१२-१३ च्या सुमारास देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक डिझेलच्या होत्या. शेतकऱ्यासाठी ठेवलेली सवलत घोडबंदरच्या टॉवरखाली उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत जात होती. जानेवारी २०१३ पासून डिझेल महिन्याला पन्नास पैशांनी वाढू लागलं, ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही नियंत्रणमुक्त झालं आणि जून २०१७ पासून भाव रोज बदलू लागले. आज मुंबई-ठाण्यात पेट्रोल १०३ रुपयांच्या आणि डिझेल ९० रुपयांच्या आसपास आहे. ३२ ची तफावत १३ वर आली. प्रमाणात पाहिलं तर घसरण आणखी मोठी: तेव्हा डिझेल पेट्रोलच्या साधारण ५६ टक्के किमतीला मिळत होतं, आता ८७ टक्क्यांना.

डिझेल गाड्यांचा इतिहास आपल्याला परका नाही. टाटांची इंडिका १९९८ च्या अखेरीस आली आणि काही वर्षांतच डिझेल इंडिका म्हणजे टूरिस्ट गाडी हे समीकरण झालं. फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन पुण्याजवळ रांजणगावला बनत असे. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा एकमेकींच्या स्पर्धक गाड्यांच्या बॉनेटखाली तेच असे. गाड्यांचे शौकीन त्याला गमतीने 'राष्ट्रीय इंजिन' म्हणत. त्याच्याही आधी, १९९० च्या दशकाच्या मध्यावर, प्रीमियरने फ्रान्सच्या प्यूजोबरोबर भागीदारी करून आपल्या कल्याण-डोंबिवलीच्या कारखान्यात प्यूजो ३०९ बांधली. ती पेट्रोल आणि डिझेल दोन्ही इंजिनांत मिळे. कामगारांचा संप, भागीदारांतली धुसफूस, आणि १९९७ मध्ये प्यूजो निघून गेली. कल्याण-शीळ रस्त्यावर आज राजकीय सभांसाठी ओळखलं जातं ते प्रीमियरचं मैदान त्याच कंपनीच्या नावाचं, हे डोंबिवलीतल्या किती तरुणांना ठाऊक असेल, शंकाच आहे.

मल्टिजेटचा शेवट १ एप्रिल २०२० ला झाला. त्या दिवसापासून बीएस-६ निकष लागू झाले. डिझेल इंजिन त्यात बसवायचं तर धुराचा फिल्टर आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांवरचा उपाय, दोन्ही लावावे लागतात आणि छोट्या गाडीला तो खर्च पेलत नाही. मारुतीने एप्रिल २०१९ मध्येच जाहीर केलं होतं की वर्षभरात डिझेल बंद. फोक्सवॅगन, रेनॉ आणि निसान यांनी तेच केलं. होंडाने २०२३ मध्ये. आज छोट्या हॅचबॅकमध्ये डिझेल म्हटलं की टाटा अल्ट्रोझ, दुसरं नाव नाही. उरल्या त्या मोठ्या गाड्या: क्रेटा, सेल्टॉस, नेक्सॉन, महिंद्राच्या स्कॉर्पिओ, एक्सयूव्ही, बोलेरो, आणि टोयोटाची इनोव्हा क्रिस्टा. डिझेलचा वाटा देशभरात एक पंचमांशाच्याही खाली गेला आहे. म्हणून सात-आठ लाखांच्या गाडीसाठी हा प्रश्न आता उरलेलाच नाही. तो सुरू होतो दहा लाखांच्या पुढे.

दहा लाखांच्या पुढचा हिशेब मांडू. एकच मॉडेल, पेट्रोल अकरा लाखांचं, डिझेल एक लाख दहा हजारांनी महाग. महाराष्ट्रात खासगी गाडीवरचा वाहनकर दहा ते वीस लाखांच्या गटात पेट्रोलला १२ टक्के आणि डिझेलला १४ टक्के. म्हणजे डिझेलवाला जास्त किमतीवर जास्त दराने कर भरतो. तो फरक ३७ हजारांच्या घरात जातो. वाढीव विमा धरून सगळा फरक दीड लाख समजा. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलला तेव्हा छोट्या पेट्रोल आणि छोट्या डिझेल गाड्यांना सारखाच १८ टक्के दर लागला, त्याआधी सेस धरून डिझेलला दोन टक्के जास्त पडत. केंद्राने भेद मिटवला, राज्याने ठेवला आहे.

आता धावणं. आपल्या रस्त्यांवर पेट्रोल गाडी लिटरला १२ आणि डिझेल १६ किलोमीटर देते असं धरू. कंपनीचे आकडे याहून बरेच जास्त असतात, पण ते कल्याण-शीळ रस्त्यावर मोजलेले नसतात. पेट्रोलचा खर्च किलोमीटरला आठ रुपये बासष्ट पैसे, डिझेलचा पाच रुपये बासष्ट पैसे. बचत तीन रुपये. दीड लाख फिटायला पन्नास हजार किलोमीटर लागतील. घोडबंदरवरून रोज जाणाऱ्याला साडेतीन-चार वर्षं. लोकलने जाणाऱ्या डोंबिवलीकराला, वर्षाला सहा हजार धरले, तर आठ वर्षांहून जास्त. तोवर गाडीचा कंटाळा आलेला असतो आणि बहुतेकांनी ती बदललेली असते. यात कर्जाच्या वाढीव रकमेवरचं व्याज मी धरलेलं नाही.

हिशेबात एक स्थानिक गंमतही होती. २०२४ च्या जूनपर्यंत मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या हद्दीत डिझेलवर २४ टक्के मूल्यवर्धित कर होता, राज्यात बहुतेक ठिकाणी २१. पेट्रोलवर २६ आणि २५. त्यामुळे ठाण्यात डिझेल भरणाऱ्याला हद्द ओलांडून टाकी भरायला चांगलं कारण होतं. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात अजित पवारांनी हे दर समान केले. मुंबई-ठाण्यात डिझेल सुमारे दोन रुपयांनी आणि पेट्रोल जेमतेम पासष्ट पैशांनी उतरलं. म्हणजे अलीकडच्या काळात कराचा जो एकमेव बदल खास आपल्या भागासाठी झाला, तो डिझेलच्या बाजूने झाला. तरीही पारडं फिरलं नाही.

हिशेब बाजूला ठेवला तरी इंजिनाचा प्रश्न राहतो आणि इथे प्रकरण जरा तिरपं आहे. ट्रॅफिकमध्ये डिझेल पेट्रोलपेक्षा काटकसरी असतं. पेट्रोल इंजिनात हवा आत घेण्याच्या वाटेवर एक झडप असते. गाडी रांगत असते तेव्हा ती जवळजवळ बंद असते आणि इंजिनाला त्या बंद दारातून श्वास ओढायला ताकद खर्चावी लागते. डिझेलमध्ये हवा मोकळी येते, फक्त इंधन कमी-जास्त केलं जातं. म्हणून कापूरबावडीला किंवा पत्रीपुलाच्या अलीकडे अर्धा तास अडकलेली डिझेल गाडी तुलनेने कमी पिते. जुन्या डिझेलवाल्यांचा अनुभव खोटा नव्हता.

पण २०२० नंतरच्या डिझेल गाडीत धुराचा फिल्टर आहे. काजळी त्यात साठते, आणि साठली की गाडीचा संगणक जास्तीचं इंधन सोडून फिल्टर सहाशे अंशांच्या आसपास तापवतो, म्हणजे काजळी जळून जाते. हे व्हायला गाडी पंधरा-वीस मिनिटं पन्नास-साठच्या वेगाने सलग चालावी लागते. आता डोंबिवली पूर्वेत मानपाडा रोडवरून टिळक चौकापर्यंत जाणाऱ्या माणसाने हा वेग कुठे आणायचा? जाळण्याची क्रिया सुरू होते, तेवढ्यात सिग्नल लागतो, घर येतं, इंजिन बंद. पुन्हा उद्या सुरू, पुन्हा अर्धवट. अर्धवट राहिलेलं इंधन काही इंजिनांत ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलची पातळी वाढते. शेवटी डॅशबोर्डवर दिवा लागतो. त्याकडेही दुर्लक्ष केलं तर गाडी वेग कमी करून मुकाट वर्कशॉपचा रस्ता धरायला लावते. फिल्टर बदलायची वेळ आली तर बऱ्याच गाड्यांत खर्च लाखाच्या घरात जातो. म्हणजे पन्नास हजार किलोमीटर काटकसर करून मिळवलेलं एका बिलात परत.

थोडक्यात, डिझेल ज्या रस्त्यावर सगळ्यात जास्त वाचवतं त्याच रस्त्यावर ते आजारी पडतं. अशी गाडी घेतलेल्याने तिला पाळलेल्या कुत्र्यासारखं नियमाने फिरवून आणावं लागतं: पहाटे पूर्व द्रुतगती मार्गावर मुलुंडपर्यंत, किंवा नाशिक महामार्गावर पडघ्यापर्यंत. शोरूममध्ये हे कोणी आपण होऊन सांगत नाही. मालकाच्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत असतं.

पेट्रोलवाल्यांनीही फार खूश होऊ नये. २०२५ पर्यंत देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन तृतीयांशाच्या आसपास ऊर्जा असते, त्यामुळे अॅव्हरेज थोडं उतरणारच. सरकारनेही ते किरकोळ म्हणत मान्य केलं आहे. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्या या मिश्रणासाठी तयार आहेत; त्याआधीच्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि सील यांच्याकडे सर्व्हिसिंगला लक्ष द्यावं. ऊस पिकवणाऱ्या राज्याला या धोरणाचा फायदा आहे, हे खरं. पण भाव पंपावर पूर्ण पेट्रोलचाच आहे आणि माझा आक्षेप तिथे आहे. ऊर्जा कमी मिळत असेल तर दरही तसा हवा. आणखी एक गोष्ट: छोटी टर्बो पेट्रोल इंजिनं कागदावर डिझेलच्या जवळचा जोर दाखवतात, पाय जड असेल तर अॅव्हरेज दहाच्या खाली येतं.

आपल्या भागात पेट्रोलचा खरा प्रतिस्पर्धी आता डिझेल नाही, सीएनजी आहे. महानगर गॅसचं जाळं ठाणे, कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूरपर्यंत आहे. किलोला ऐंशी रुपयांच्या आसपास भाव आणि किलोला वीस किलोमीटर धरले तर खर्च किलोमीटरला चार रुपये. पेट्रोलपेक्षा निम्म्याहून कमी आणि डिझेलपेक्षाही दीड रुपया स्वस्त. कंपनीने बसवलेल्या किटसाठी पंचाण्णव हजार जास्त दिले तर ते एकवीस हजार किलोमीटरच्या आत फिटतात. म्हणून रिक्षा-टॅक्सीवाल्यांनी निर्णय कधीच घेतला आहे. घरगुती ग्राहक अडखळतो तो दोन ठिकाणी. एक डिकी: कोकणात जाताना बॅगा, तांदळाचं पोतं आणि आजीची पिशवी कुठे ठेवायची? टाटांनी २०२३ मध्ये दोन छोट्या टाक्या डिकीच्या तळाशी बसवून यावर मार्ग काढला, इतर कंपन्याही त्या वाटेने निघाल्या आहेत. दुसरं म्हणजे रांग. नोव्हेंबर २०२५ मध्ये ट्रॉम्बेजवळ गेलची वाहिनी फुटली आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईतले पंप दोन दिवस कोलमडले. त्या दोन दिवसांत पेट्रोलची टाकी ही चैन नव्हती. सीएनजी गाडीत ती असतेच, हे खरं तर त्या गाडीचं मोठं बळ. चढावर ती दमते, मात्र गॅस संपला तर थांबत नाही.

चढाचा विषय निघाला तर डिझेलची बाजू नीट मांडायला हवी. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज चढताना, किंवा कसारा घाटात सात माणसं आणि वर सामान असताना, दोन हजार फेऱ्यांच्या आत मिळणारा डिझेलचा जोर ज्याने अनुभवला तो पेट्रोलवर सहजासहजी परतत नाही. गिअर बदलत बसावं लागत नाही, इंजिन किंचाळत नाही. आता समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. आमणे भिवंडीजवळ, म्हणजे कल्याणच्या उंबरठ्यावर. ज्याचं शेत सिन्नरला आहे, सासर जालन्याला आहे, ज्याचा धंदा नाशिक-संभाजीनगरशी बांधलेला आहे, त्याच्या गाडीला दर आठवड्याला काही तास सलग वेग मिळणार. तिथे फिल्टर साफ राहतो, अॅव्हरेज वीसच्या आसपास जातं आणि दीड लाख दोन-अडीच वर्षांत फिटतात. बांधकाम ठेकेदार, टूरिस्ट परवान्यावर इनोव्हा चालवणारे, दर शनिवार-रविवार गावी जाणारे यांनी डिझेल घेतलं तर मी त्यांना वेड्यात काढणार नाही. बाकीच्यांना घाट वर्षातून चारदा लागतो. चार दिवसांच्या सुखासाठी उरलेले दिवस फिल्टरची काळजी वाहण्यात अर्थ नाही.

इलेक्ट्रिकवर इथे विस्ताराने लिहीत नाही. रोजच्या धावण्याला ती सगळ्यांत स्वस्त आहे, पण डोंबिवलीच्या जुन्या चारमजली इमारतीत गाडीला हक्काची जागा नाही तिथे चार्जरला कुठून असणार? आधी सोसायटीची सर्वसाधारण सभा जिंकावी लागते.

उरतो कायद्याचा टांगता प्रश्न. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ऊर्जा संक्रमण सल्लागार समितीने दहा लाखांवर लोकवस्तीच्या शहरांत २०२७ पर्यंत डिझेल चारचाकींवर बंदी सुचवली. सरकारने ती स्वीकारली नाही. पण २०११ च्या जनगणनेत ठाणे अठरा लाखांच्या वर आणि कल्याण-डोंबिवली बारा लाखांच्या वर होतं, म्हणजे शिफारस आपल्या दोन्ही शहरांना लागू पडणारी होती. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणावर सुनावणी करताना पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा अभ्यास करायला सांगितलं आणि राज्याने मुंबई महानगर प्रदेशासाठी निवृत्त सनदी अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. या प्रदेशात आपण आहोतच. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. पेट्रोलला तिथे पंधरा वर्षं. आपल्याकडे तसा नियम आज नाही, दोन्हींची नोंदणी पंधरा वर्षांची. पण नियम आला तर आधी डिझेलवर येईल, यावर पैज लावायला हरकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला आहे आणि २०१५ मध्ये फोक्सवॅगनची चाचणीतली लबाडी उघड झाल्यापासून 'स्वच्छ डिझेल' या शब्दांवर कोणाचा फारसा भरवसा राहिलेला नाही. दहा वर्षं गाडी ठेवायची असेल तर पुनर्विक्रीचा हा धोका हिशेबात धरा.

दिल्लीच्या नियमाची एक झळ आपल्याकडे आली आहे ती जुन्या गाड्यांच्या बाजारात. तिथून ना हरकत दाखला घेऊन निघालेल्या डिझेल गाड्या इतर राज्यांत स्वस्तात विकल्या जातात. गाडी चांगली असू शकते, पण महाराष्ट्राचा कर, नव्याने नोंदणी आणि आरटीओच्या फेऱ्या धरल्या की स्वस्ताई पुष्कळशी विरते. त्यापेक्षा एमएच ०४ किंवा एमएच ०५ ची, ज्याचा मालक समोर बसून बोलतो ती गाडी बरी. जुनी बीएस-४ डिझेल घेताना दीड लाख किलोमीटर पाहून दचकू नका. महामार्गावर झाले असतील तर इंजिन अजून बरंच चालेल. २०२० नंतरची डिझेल गाडी पाच वर्षांत जेमतेम वीस हजार चाललेली, सीटवरचं प्लास्टिकही न निघालेली मिळाली, तर मात्र सावध व्हा. ती स्टेशनपर्यंत जाऊन आलेली गाडी आहे. ऑइलची दांडी ओढून पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली आहे का ते पाहा, कंपनीच्या वर्कशॉपमध्ये फिल्टर किती भरला आहे ते संगणकावर तपासून घ्या, आणि विक्रेता परवानगी देत असेल तर पडघ्यापर्यंत एक चक्कर मारून मगच बोली लावा.